आतून आवाज येत नाही

११ एप्रिल, गुरुवार

गणूकाकांचा उजवा हात मोडला. मोडला कसला, चेचला! दगडावर ठेवून, जॅकच्या टॉमीने, त्या लोखंडी दांड्याने.

खडवलीच्या आमच्या विहिरीवरून टँकर भरून निघालेले. फाट्याच्या अलीकडे दोन बाइक आडव्या. चार पोरं, तोंडाला रुमाल. अशा वेळी माणूस काय करतो — काचा वर, दरवाजे लॉक, हॉर्नवर हात. काका काय करतात? खाली उतरतात! हातात वॉकीटॉकीचा सेट घेऊन, बोलायला. कारण तसं मी सांगितलंय. मीच! सहाही ड्रायव्हरना मागच्या महिन्यात घसा फोडून सांगितलं — "केबिनच्या आतून आवाज येत नाही. काय ते खाली उतरून बोला." बावीस वर्षं आमच्याकडे आहेत काका, दिलेला शब्द कधी मोडला नाही. मार खायलाही सांगितल्याप्रमाणे उतरले.

इकडे गांधारीला, शेडमधल्या कंट्रोलच्या खुर्चीत, मला फक्त "कल्पे —" एवढं ऐकू आलं. मग खरखर.

आणि मी बयेने काय उत्तर दिलं? "काका, आवाज येत नाही. खाली उतरून बोला."

१२ एप्रिल

दोन बोटं काढली. तळहातात सळया घातल्यात. या हाताने आता स्टिअरिंग धरायचं नाही म्हणे, कधीच.

हॉस्पिटलात काकांची बायको, ठमाबाईकाकी, पलंगाच्या पायथ्याशी बसलेल्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काका शुद्धीवर आले ते मला बघून हसले आणि विचारलं काय? "मी हाक मारलेली, ती पोचली न गो पोरी?"

"पोचली," म्हणाले. खोटं. मग जिन्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. खरंच आपटलं, टेंगूळ आलंय.

कोण होते विचारलं तर म्हणाले, "तोंडाला रुमाल व्हता. मना नाय वलखू आले."

बाहेर दादा उभा. "मितेशची पोरं. दुसरा कोण हाय इथं?" मितेशची विहीर आमच्यापासून दोन शेतं सोडून. त्याचे चार टँकर, आमचे सहा, सोसायट्या त्याच. दादा आणि तो शाळेत एका बाकावर होते. आता एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत.

बरोबर. दुसरा कोण?

१४ एप्रिल

मारली! टिटवाळ्याच्या पंपावर, डिझेलच्या लाइनीत, सगळ्यांदेखत. मितेश गाडीला टेकून चहा पीत होता. मी स्कूटर आडवी टाकली आणि कानाखाली वाजवली. चहाचा पेला उडाला, अर्धा चहा माझ्याच ड्रेसवर. भाजलं, पण त्या वेळी कळलं नाही.

तो हलला नाही. गालावर हात धरून म्हणाला, "कल्पिता, बाईमाणसावर हात नाय उचलत मी. पन गणूकाकांना मी नाय मारलेला. आईशप्पथ."

चोराच्या उलट्या बोंबा! अजून एक द्यायला हवी होती.

दादाला कळलं तर पोट धरून हसला. "शोभतेस माझी बहीण," म्हणाला. दुपारी त्याची माणसं मितेशच्या विहिरीवर गेली. पंप विहिरीत ढकलला, पाइप कोयत्याने तोडले, आणि मध्ये पडला त्या ड्रायव्हरचं डोकं फोडलं. सोळा टाके.

बरं वाटलं. लिहायला लाज वाटत नाही.

१६ एप्रिल

दादाकडे नवीन सेट मागितले. गाडीत कायमचे बसवायचे, डॅशबोर्डवरचे. म्हणाला, "पाणी विकतो मी, विमानतळ नाय चालवत!" मग म्हणे फोन वापरा. याला कितीदा सांगायचं? विहिरीवर फोनला रेंज नसते. आणि हल्लेखोर पहिला फोन हिसकावतात, हे त्याला माहीत नाही का? आणि मुख्य म्हणजे फोन एकाला लागतो, सेट सगळ्यांना. एक ओरडला की सहा गाड्यांना ऐकू जातं. त्यासाठीच तर बंद पडलेल्या सिक्युरिटीवाल्याकडून हे जुने सेट घेतले, लायसन्सच्या कागदांसाठी मी तीन महिने चपला झिजवल्या.

"जे हाय त्यात भागव," म्हणाला. "डिप्लोमा कशाला केलास?"

बरं. भागवते.

१७ एप्रिल

ठाण्याला गेले, वर्तकनगरला, बाळकाकांकडे. वायरलेस खात्यातून रिटायर झालेले, डिप्लोमाचं प्रोजेक्ट मी त्यांच्याच गॅलरीत बसून केलेलं. मंदाकिनीकाकूंनी कोकम सरबत दिलं आणि माझ्या कपाळावरच्या टेंगळाकडे बघून काहीच विचारलं नाही. चांगली माणसं.

सगळं ऐकून बाळकाका म्हणाले, "मुली, केबिन म्हणजे पत्र्याचा डबा. डब्यात तोंड घालून हाक मारलीस तर हाक डब्यातच फिरणार. तू पॉवर वाढवायच्या मागे लागू नकोस. फक्त अँटेना बाहेर काढ. छताच्या बरोबर मध्यभागी, उभी. छताचा पत्रा तिला हातभारच लावतो. माणसाने मात्र आतच बसावं."

माणसाने आतच बसावं. मी नेमकं उलटं सांगितलं होतं. अँटेना आत आणि माणूस बाहेर! तिथेच हुंदका आला. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. काकांनी माझ्याकडे न बघता कागदावर आकडे मांडायला घेतले. आमच्या फ्रिक्वेन्सीला काडी एकोणपन्नास सेंटिमीटर. वेल्डिंगवाल्याकडची पितळेची सळई चालेल. बूड म्हणून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. "केबल जाडातली जाड आणि आखूडात आखूड. शिल्लक केबल गुंडाळून सीटखाली कोंबायची नाही. तिथेच निम्मा आवाज मरतो."

निघताना म्हणाले, "आणि रागाच्या भरात डाग देऊ नकोस. कच्चा बसतो." म्हणजे सोल्डरिंगचं म्हणत होते.

२० एप्रिल

रागाच्या भरात डाग दिला. कच्चा बसला.

अख्खा दिवस फुकट! कनेक्टरमध्ये केबलची जाळी आणि मधली तार एकमेकांना चिकटली, आवाज होता तोही गेला. सोल्डरिंग गन भिंतीवर फेकली. भिंतीला काळा डाग, माझ्या अंगठ्याला फोड. भंगारवाल्याने सहा चुंबकांतली दोन फुटकी दिली, त्याच्याशी भांडले, वजनाचा लोखंडी काटा उचललेला त्याच्यावर. दिली मग नीट.

आई म्हणाली, "तुझ्या हातात काय देववत नाय गो. जे द्यावा त्याचा हत्यारच करतंस."

२२ एप्रिल

पाच गाड्यांवर बसल्या. पाच पिवळ्या काड्या, ताठ. गणूकाकांच्या गाडीवर पहिली बसवली, आता ती दुसरा चालवतो तरीही.

सहावी धोंडिबाची. साताऱ्याकडचा गडी, अंगाने रेडा, मनाने लहान पोर. त्याने अपघातानंतर केबिनचं छत फायबरचं करून घेतलंय. फायबरला चुंबक चिकटेल कसं? आणि खाली पत्रा नाही तर अँटेनाला हातभार कोण लावणार? खूप डोकं चालवलं. मग स्वयंपाकघरातून आईची मोठी लोखंडी परात उचलली, पालथी घालून नटबोल्टने छतावर आवळली, तिच्या मधोमध चुंबक. बसली!

सगळे ड्रायव्हर पोट धरून हसले. "धोंडिबा, लग्नाला चाललास का रं, फेटा बांधून?" आई मात्र भडकलेली. "भाकरीचा पीठ आता धोंडिबाच्या डोक्यावर मळू का?"

गधड्याने संध्याकाळपर्यंत दरवाजा धाडकन लावून केबल चेपवली. दरवाजाच्या कोपऱ्यातलं रबर कापून जागा करून दिली, परत जोडली. त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. त्याला कळलाही नाही.

२३ एप्रिल

विहिरीपासून गांधारीपर्यंत. केबिनमध्ये बसून. काचा बंद. "ताई, येतंय का ऐकू?"

येतंय! येतंय! येतंय!

२५ एप्रिल

आज वीस मिनिटं धोंडिबा सेटवर बसला होता. म्हणजे खरंच बसला होता! सेट मांडीखाली गेला आणि बोलायचं बटण दाबलेलं राहिलं. तसं झालं की आपलं सगळ्यांना ऐकू जातं आणि सगळ्यांचं आपल्याला काहीच नाही. बाकीच्या पाच गाड्या आणि मी, सगळ्यांनी त्याचं भजन ऐकलं, मग सासूचा उद्धार ऐकला, मग त्याने टोलवाल्याला घातलेली शिवी. थांब म्हणून सांगायचं कसं? त्याला ऐकूच येत नाही. शेवटी मागच्या गाडीवाल्याने ओव्हरटेक करून थांबवलं.

हसून हसून डोळ्यांतून पाणी. गणूकाकाही हसले. हो, कालपासून काका माझ्याशेजारी कंट्रोलला बसतात. घरी बसवत नाही म्हणाले. हात गळ्यात बांधलेला, डाव्या हाताने माइक धरतात. मला कधी कधी त्या बांधलेल्या हाताकडे बघवत नाही. ते बघू देतात, हेच जास्त लागतं.

संध्याकाळी सगळ्यांना उभं करून नवा नियम सांगितला. जुना पुसून टाका. कोणीही खाली उतरायचं नाही. आत बसायचं, लॉक लावायचा, बटण दाबायचं, जागा सांगायची. आणि ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं काम टाकून गाडी तिकडे वळवायची. सगळ्यांनी. पाणी सांडलं तर सांडलं. दादाही मागे उभा राहून ऐकत होता, मान हलवत.

"आनि सेट मांडीखाली ठेवायचा नाय," गणूकाका म्हणाले.

२९ एप्रिल

आज परत! दुपारी दीड वाजता, बापगावच्या पुढे. धोंडिबाची गाडी. तीन पोरं, रुमाल, एकाच्या हातात तीच टॉमी असणार.

धोंडिबाचा आवाज आला, शांत, कानाशी बसून बोलल्यासारखा. "ताई, आलेत. बापगावच्या फुडं, पडक्या पोल्ट्रीजवळ. काच फोडत्यात. मी आतच हाय." मागे काच फुटल्याचा आवाज, हॉर्न, शिव्या. एक अक्षर गळलं नाही. गणूकाकांनी डाव्या हाताने माइक ओढला आणि ओरडले, "सगल्यांनी वलवा! धोंडिबा, उतरू नको! मेलास तरी उतरू नको!"

सात मिनिटांत चार टँकर पोचले. भरलेले, एका मागोमाग एक, हॉर्न दाबून. पोरं पळाली. एक सापडला. त्याची बाइक टँकरखाली घातली, त्याला नाही, हे नशीब त्याचं. ड्रायव्हरांनी त्याला रस्त्यावर लोळवून तुडवला. धोंडिबाने एका हाताने उचलून परातीवर आपटला म्हणे, परातीला पोचा पडलाय. मी स्कूटरवरून पोचले तेव्हा त्याच्या नाकातोंडातून रक्त येत होतं, आणि मीही जाऊन एक लाथ घातली. गणूकाकांच्या बोटांची.

रुमाल ओढला. वीस-बावीस वर्षांचा, ओळखीचा नाही. "कोणी पाठवलं?" मी विचारलं. रडायला लागला. "सांगतो... सांगतो, नका मारू... मला तर तुमच्याच —"

तेवढ्यात दादाची जीप आली. दादा उतरला तो सरळ चालत आला आणि त्याच्या तोंडावर अशी एक ठेवून दिली की दोन दात रस्त्यावर. "माझ्या ड्रायव्हरला हात लावतोस?" पुढे त्या पोराला बोलताच आलं नाही. कॉलर धरून जीपमध्ये कोंबला, पोलिसांकडे देतो म्हणाला आणि गेला.

दादा म्हणजे दादा! शब्द कमी, हात मोठा.

धोंडिबाच्या गालात काचेचे तुकडे गेलेत. बाकी धडधाकट. माझ्या काडीने एक माणूस वाचला. गणूकाका म्हणाले, "आता पोचली गो हाक." मग आम्ही दोघंही रडलो, एकमेकांकडे न बघता.

३० एप्रिल

तो पोरगा वाटेत जीपमधून उडी मारून पळाला म्हणे. दादाच्या हातून? आश्चर्यच.

१ मे

गावकी बसली, देवळासमोर. मितेशला बोलावलं. त्याने देवीच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं, मी पोरं पाठवलेली नाहीत, माझाच माणूस सोळा टाके घेऊन घरी पडलाय, मी तक्रारही केली नाही. खोटं बोलतोय की खरं, त्याचं तोंड तसंच, पंपावर मारलेलं तेव्हा होतं तसं.

पंचांनी निकाल दिला. या वेळी समज. पण यापुढे आमच्या एकाही ड्रायव्हरला कोणी हात लावला तर मितेशची विहीर बंद, त्याचा धंदा बंद, गावाने त्याच्याशी व्यवहार बंद. दादा हात जोडून म्हणाला, "मना कुनाचं वाईट नको. माझी मानसं घरी धड यावीत, बास."

डोळे भरून आले माझे. नवीन सेट घेत नाही म्हणून मी त्याला काय काय बोलले होते या वहीत! मागची पानं फाडावीशी वाटली. फाडली नाहीत.

३ मे

दादा सकाळी शेडमध्ये आला. "सगल्यांच्या डोक्यावर काडी, मालकाचा डोका बोडका? माझ्या जीपला पन बसव." लाजत म्हणाला, दादा लाजतो तेव्हा कान लाल होतात त्याचे.

सगळ्यांत चांगली त्याला केली. नवी सळई, पॉलिश केलेली. केबल बाळकाकांनी स्वतःजवळची दिलेली, जाड, मीटरभरच. एकेक डाग शांतपणे दिला, एकही कच्चा नाही. नुसता सेट होता तेव्हा त्याचा आवाज नदीच्या पुलापलीकडून यायचा नाही. आज खडवलीहून बोलला तर शेड दणाणली. सहाही गाड्यांनी ऐकलं, सगळ्यांनी "मालक, एक नंबर" म्हणून सांगितलं.

त्यालाही बजावलं, सेट मांडीखाली ठेवू नकोस, धोंडिबासारखं होईल. "मी काय धोंडिबा हाय का?" म्हणाला आणि सेट सीटवर फेकला.

४ मे, शनिवार

सव्वा अकराला दादाचा सेट सुरू झाला. आधी सीटची करकर. मी हसले — बसला वाटतं हा पण! मग त्याचा आवाज, कोणाशी तरी बोलताना.

"गणूचा हात चेचायला कुनी सांगितलेलं रे तुमाला? काच फोडा बोललेलो मी. आता शेवटचं एकदा. धोंडिबाचीच गाडी घ्या, पन या टायमाला पाय मोडा, नुसत्या काचेवर गावकी नाय हलनार. मितेशची विहीर बंद झाली पायजे."

सहा गाड्या. मी. आणि माझ्याशेजारी गणूकाका.

बटण सुटलं. थोड्या वेळाने धोंडिबा, "ताई, जीप दिसली. पुलापल्याड, वडाखाली." त्यानंतर नुसते हॉर्न. नियमच आहे. ज्याला ऐकू येईल त्याने वळायचं.

पावणेबाराला दादा पुन्हा आला. जीपच्या आतून, काचा बंद. "कल्पे! चारी बाजूंनी टँकर लावलेत यांनी! काच फोडतायत! कल्पे, कुनाला तरी पाठव! कल्पे!" इतका स्वच्छ आवाज या सेटवर आजवर आला नव्हता.

गणूकाकांनी डाव्या हाताने माइक माझ्यापुढे सरकवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मी बटण दाबलं. "दादा, आवाज येत नाही. खाली उतरून बोल."